सूर्यापर्यंत किती बोर त्रिज्या

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात मी नापास झाले तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि बावीस वर्षांपासून एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरी करत होते. ही दोन वाक्यं एकत्र ठेवली की ऐकणाऱ्याला हसू येतं, हे मला माहीत आहे. परीक्षकालाही आलं होतं.

माझं शिक्षण दुसऱ्या वर्षाला सुटलं. बाबा कापडाच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात, म्हणजे कापड मोजून घड्या घालायच्या कामावर होते, मिल बंद पडली, आणि घरात मीच मोठी. कॉलेजमध्ये लॅब असिस्टंटची जागा निघाली, मी अर्ज केला, लागले. लग्न वगैरे राहूनच गेलं. आई गेल्यावर बडा गणपतीच्या देवळाजवळच्या दोन खोल्यांत मी आणि बाबा, असं घर उरलं. सकाळी पोहे करायचे, डबा भरायचा, साडेनऊला लॅब उघडायची. व्हर्नियर मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. स्पेक्ट्रोमीटरची भिंगं मलमलीनं पुसायची. सोडियमचा दिवा मुलं यायच्या दहा मिनिटं आधी लावायचा, कारण तो तापायला वेळ घेतो. हे सगळं मला झोपेतही जमलं असतं.

टेक्निशियनच्या पदासाठी पदवी लागते असा नियम आला, तेव्हा मी खुल्या विद्यापीठाचा फॉर्म भरला. पदाचं निमित्त होतं. खरं सांगायचं तर ते अर्धवट राहिलेलं दुसरं वर्ष मला बावीस वर्षं टोचत होतं. लेखी पेपर मी पास झाले. प्रात्यक्षिक दुसऱ्या एका कॉलेजात होतं. प्रयोग माझा चोख झाला, तो व्हायचाच होता. मग तोंडी परीक्षा.

परीक्षक साठीच्या घरातले, आमच्या शहरातल्या बहुतेकांसारखे हिंदी बोलणारे. माझा फॉर्म बघून म्हणाले, "अच्छा, आप तो लैब में ही काम करती हैं. फिर तो आपसे आसान ही पूछना पड़ेगा." त्यांनी विचारलं, ॲस्ट्रॉनॉमिकल युनिट म्हणजे किती? पृथ्वीपासून सूर्यापर्यंतचं सरासरी अंतर, एक दशांश चार नऊ सहा गुणिले दहाचा अकरावा घात, मीटर. मी धाडकन सांगितलं. बोर त्रिज्या? हायड्रोजनच्या अणूत मधल्या केंद्रकापासून इलेक्ट्रॉनपर्यंतचं अंतर, अणूच्या जगातलं लांबीचं माप. त्याचाही आकडा मला पाठ होता, पाच दशांश दोन नऊ, दहाचा उणे अकरावा घात.

"बढ़िया. तो बताइए, एक ॲस्ट्रॉनॉमिकल युनिट में कितने बोर रेडियस?"

आमच्या लॅब मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर एककांचा तक्ता आहे. तो मला ओळीओळीनं पाठ. त्यातली ओळ डोळ्यासमोर आणली, गुणाकार केला. अधिक अकरा आणि उणे अकरा एकमेकांना खाऊन गेले, उत्तर सुटसुटीत आलं. मला वाटलं, इतकं सुबक उत्तर म्हणजे बरोबरच.

"सर, करीब आठ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आठ?"

"सात दशमलव नौ, सर."

"मतलब यहाँ से सूरज तक चार हाइड्रोजन परमाणु लाइन से रख दो, और पहुँच गए?" मागे बसलेली तीन-चार मुलं फसकन हसली. परीक्षकांनी त्यांना गप्प केलं नाही. मग माझ्याकडे बघून हसत हळूच म्हणाले, "आप बाईस साल से लैब में हैं?"

पुढचे चारही प्रश्न सोपे होते. मला एकाचंही उत्तर आठवलं नाही.

निकाल लागल्यावर मी बाबांना दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं तर ते म्हणाले, "पुन्हा बसता येतं का?"

"सहा महिन्यांनी."

"मग बस." आणि पेपर वाचायला लागले. मला त्यांचा राग आला, आणि रात्री जेवताना तोच राग उपयोगी पडला. मी ठरवलं की बसायचं, आणि पुढच्या वेळी एककांवर कुणी हसलं तर ते माझ्या उत्तराला हसणार नाही.

आमच्या विभागात त्याच वर्षी सांगलीकडची एक प्राध्यापिका आली होती. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. तिचं मराठी इतकं स्वच्छ की माझंच मला खटकायचं. मी "मी तिथे पोहोचली तर लाईट गोल" म्हणायची, ती "दिवे गेले होते का?" म्हणायची. पहिल्या दिवसापासून ती मला ताई म्हणत होती. एक दिवस दुपारच्या सुट्टीत मी तिला काय घडलं ते सांगितलं आणि म्हणाले, "मॅडम, मला शिकवा. पण पहिल्या वर्गाच्या पोरीला शिकवतात तसं."

ती हसली नाही. म्हणाली, "ताई, उत्तर चुकलं ते सोडा. पण आठ म्हणताना तुम्हाला काही खटकलं नाही?"

मी खरं ते सांगितलं. "नाही."

"मग आधी तेच दुरुस्त करू. गणित नंतर."

आम्ही लॅबच्या मागच्या स्टोअरमध्ये बसायचो, दोन कपाटांच्या मधल्या जागेत, डबे मांडीवर घेऊन. तिचा नियम असा की कागदावर काही लिहायच्या आधी तोंडानं सांगायचं, आकडा वाढणार की घटणार. प्रकाशवर्षाचं मीटर करायचं तर वाढणार की घटणार? मीटरचं पार्सेक? अँगस्ट्रॉमचं मीटर? कॅल्क्युलेटर बंद. एका दिवशी पाच गणितं.

शब्दांचाही घोळ होता. माझं शिक्षण हिंदीतून, तिथे अणु म्हणजे मराठीतला रेणू, आणि मराठीतला अणू म्हणजे परमाणु. पहिल्या आठवड्यात ती अणू म्हणायची आणि माझ्या डोक्यात भलतंच यायचं. शेवटी आम्ही दोघींनी सरळ ॲटम म्हणायचं ठरवलं.

पण मुख्य अडचण ती नव्हती. दहाच्या डोक्यावर उणे चिन्ह दिसलं की माझा हात थांबायचा. भागाकारात उणे वर गेलं की अधिक होतं, हे मी नियम म्हणून लिहायची, पण त्यावर माझा विश्वास नव्हता. अर्ध्या वेळा बरोबर यायचं, अर्ध्या वेळा चूक, आणि कधी कोणतं ते मला आधी कळायचं नाही. दोन आठवडे असेच गेले. एकदा वही मिटून मी म्हणाले, "मॅडम, माझ्या डोक्यात हे शिरणारच नाही. उगाच तुमची सुट्टी जातेय."

"माझी सुट्टी मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही सहावं करा."

"रोज पाच ना?"

"आज सहा."

त्या संध्याकाळी मी घरी ते सहावंच करत बसले होते. बाबा चहाचा कप घेऊन शेजारी आले. त्यांना ऐंशी उलटलेली, पण आकड्यांचा कागद दिसला की नजर जातेच. म्हणाले, "हेच का ते, ज्याच्यात अडकलीस?"

मी त्यांना सांगितलं. सूर्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये इतकं, बोर त्रिज्या मीटरच्या इतक्या बारीक तुकड्याएवढी, आणि मी उत्तर दिलं आठ. ते कप ठेवून हसायला लागले. परीक्षकासारखं नाही, काहीतरी जुनं आठवल्यासारखं.

"अरे, मी मिलमध्ये लागलो ना, तेव्हा गज जाऊन मीटर येत होता," ते म्हणाले. "कापडाचं एकेक थान वीस गजाचं असायचं. त्यावर आम्ही मीटरचा शिक्का मारला, अठरा आणि वर थोडे पॉइंट. दुसऱ्या दिवशी व्यापारी दारात हजर. 'भिया, पौने दो गज कपड़ा किधर गया?' बिलकुल भांडायला उठला. आमच्या खात्याचा मुकादम घाबरला, म्हणाला शिक्काच मारू नका."

"मग?"

"मग मी त्या व्यापाऱ्याला फोल्डिंगच्या टेबलाजवळ उभा केला. एका हातात गजाची लोखंडी पट्टी, दुसऱ्या हातात मीटरपट्टी. तेच थान त्याच्यासमोर दोनदा मोजलं. गजानं वीस, मीटरनं अठराच्या वर. कपडा तोच. म्हटलं, सेठजी, माप मोठं झालं म्हणून आकडा लहान झाला. कापड कुणी नाही खाल्लं." त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. "आता तू सांग. मीटरनं मोजलं तेव्हा एवढा मोठा आकडा. मग तू माप घेतलंस त्याच्याहूनही बारीक, डोळ्याला न दिसणारं. तर आकडा कमी कसा झाला? तू तर थान खाऊन टाकलंस, बेटा."

ते चहा प्यायला लागले आणि मी वहीकडे बघत राहिले. ही गोष्ट मॅडम दोन आठवडे सांगत होत्या, यापेक्षा नेमक्या शब्दांत. पण मला दिसली ती तेव्हा, टेबलावर अंथरलेलं थान आणि दोन पट्ट्या. मी बाबांना म्हणाले, थांबा. आधी स्वतःला विचारलं, एका मीटरमध्ये बोर त्रिज्या किती? माप बारीक, आकडा मोठा हवा. म्हणजे एकाला बोर त्रिज्येच्या आकड्यानं भागायचं. आले सुमारे एकोणीसशे कोटी. एका मीटरमध्ये एवढ्या, मग सूर्यापर्यंतच्या सगळ्या मीटरांत त्याच्या तितक्या पट. दोन दशांश आठ तीन, गुणिले दहाचा एकविसावा घात. दोनावर एकवीस जागा. बाबांना तो आकडा लिहून दाखवला तर म्हणाले, "हां. आता सूर्य आपल्या जागी गेला."

दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा बरोबर आली. मॅडमनी विचारलं, काल काय झालं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाबांना विभागात घ्यायला हवं होतं."

खरी गोष्ट त्यानंतर आठ दिवसांनी घडली. मी सरावासाठी मॅन्युअलचा शेवटचा तक्ता काढला आणि प्रत्येक ओळ तोंडानं म्हणून बघायला लागले. एका ओळीवर थांबले. तिथे छापलं होतं की एक मीटर बरोबर पाच दशांश दोन नऊ गुणिले दहाचा उणे अकरावा घात बोर त्रिज्या. म्हणजे एका मीटरमध्ये एक बोर त्रिज्यासुद्धा पुरी मावत नाही! ओळ उलटी होती. एक बोर त्रिज्या बरोबर इतके मीटर, असं हवं होतं. मी तीनदा तपासलं. मग लक्षात आलं की तोंडी परीक्षेत मी हीच ओळ वापरली होती, जशीच्या तशी.

आधी राग आला, आणि तो चांगला पेटलाही. पण फार वेळ टिकला नाही. कारण बोर त्रिज्येचा खरा आकडा मी परीक्षकाला दोन मिनिटं आधी स्वतःच्या तोंडानं सांगितला होता. दोन्ही ओळी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि त्या एकमेकींशी भांडताहेत हे मला ऐकू आलं नव्हतं. शिवाय ही पुस्तकं मुलांच्या हातात देणारी कोण? मीच.

मी पुस्तक घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी ओळ वाचली, चष्मा वर केला. "मैडम, ये तो बरसों से चल रहा है. आज तक किसी ने कुछ नहीं कहा."

"किसी ने इस्तेमाल नहीं की होगी, सर. मैंने की."

"हाँ, सुना मैंने." त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "देखिए, वायवा में रह गईं तो अब गलती किताब पर डालना..."

माझे कान तापले. मी बोलले, पण सावकाश, एकेक शब्द. "सर, मेरी गलती मेरी है, वो मैं किसी पर नहीं डाल रही. मैं फिर बैठूँगी. पर ये लाइन उल्टी है. आप कागज़ दीजिए, मैं अभी करके दिखाती हूँ."

मॅडमना बोलवा, असं ते म्हणाले असते तर मी गेले नसते. हे मला एकटीला करायचं होतं. त्यांनी टेबलावरचा एक पाठकोरा कागद सरकवला. मी उभ्यानंच लिहिलं. आधी मी म्हणाले, माप बारीक आहे, आकडा मोठा यायला हवा, आणि या ओळीत तो छोटा आलाय. मग भागाकार. मधे दोनदा फोन वाजला, दोनदा मी थांबले आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं. शेवटी त्यांनी कागद आपल्याकडे फिरवला, बराच वेळ पाहिला.

"ठीक है. अगली छपाई में देखेंगे."

पुढची छपाई कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. कपाटात जुन्या छपाईच्या एकशे चाळीस प्रती होत्या आणि नवं सत्र पंधरा दिवसांवर. मी जाऊन निळं पेन घेतलं. प्रत्येक प्रतीचं शेवटचं पान उघडायचं, ती ओळ पट्टी लावून खोडायची, वर बारीक अक्षरात बरोबर ओळ लिहायची. चार दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी मॅडम येऊन शेजारी बसल्या आणि पुस्तकं उघडून माझ्यासमोर ठेवायला लागल्या, म्हणजे माझा वेळ वाचावा. लिहू मात्र मी त्यांना दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सर दारातून डोकावले, ढीग पाहिला, आणि गेले. मला वाटलं होतं रागावतील. कॉलेजच्या पुस्तकांवर विनापरवानगी लिहायचं म्हणजे तसं चुकीचंच.

सहा महिन्यांनी मी परत परीक्षेला बसले. या वेळी परीक्षक एक बाई होत्या, मवाळ चेहऱ्याच्या. त्यांनी प्रिझमबद्दल विचारलं, किमान विचलनाबद्दल विचारलं, सोडियमच्या दोन रेषांबद्दल विचारलं. सगळं नीट झालं. "बस, हो गया," त्या म्हणाल्या आणि माझा कागद बाजूला ठेवायला लागल्या.

उठून जाता आलं असतं. पण मी सहा महिने ज्याच्यासाठी घालवले होते ते त्यांनी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "मैडम, एक रिक्वेस्ट है. पिछली बार मैं यूनिट्स में रह गई थी. एक सवाल उसका पूछ लीजिए."

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "पास होने के बाद भी?"

"जी."

"अच्छा. एक लाइट ईयर में कितने अँगस्ट्रॉम?"

"आकडा खूप मोठा येणार," मी म्हणाले. घाईत मराठीच बाहेर पडलं, मग हिंदीत सांगितलं. प्रकाशवर्ष म्हणजे नऊ दशांश चार सहा, दहाचा पंधरावा घात, मीटर. एका मीटरमध्ये अँगस्ट्रॉम दहाच्या दहाव्या घाताइतके. म्हणून नऊ दशांश चार सहा, दहाचा पंचविसावा घात.

"और उल्टा? एक अँगस्ट्रॉम में कितने लाइट ईयर?"

"एक से बहुत छोटा. एक दशमलव शून्य छह, दस की घात माइनस छब्बीस."

"पच्चीस से छब्बीस क्यों हुआ?" त्यांनी चटकन विचारलं. हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. मी मनात भागाकार मांडला. एकाला साडेनऊनं भागलं की उत्तर शून्य दशांश एकच्या आसपास येतं, ते सरळ लिहायला दशांशचिन्ह एक घर सरकवावं लागतं, त्याचा तो एक. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शाबाश," आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

बाहेर आले. सिटी बसमध्ये बसून मॅडमना फोन केला. त्या तेव्हा सांगलीला परत गेल्या होत्या, तिकडे त्यांना कायमची नोकरी मिळाली होती. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, स्वतःहून विचारा म्हणालात? मला नसतं जमलं." मग मी नेमकं काय काय उत्तर दिलं ते त्यांनी पुन्हा दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं.

पदवी मिळाली. टेक्निशियनची फाईल अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय. दर सोमवारी मी ऑफिसात जाऊन ती कुठे आहे ते विचारते, आणि विचारत राहणार. मध्यंतरी विभागप्रमुखांनी बोलावलं. मॅन्युअल पुन्हा छापायला जाणार होतं, त्याचे प्रूफचे कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, "आप एक बार देख लीजिए. सिर्फ वो पेज नहीं, पूरा."

ते कागद मी घरी आणले. अकरा संध्याकाळी झाल्या, काम अजून चालूच आहे. बाबांची नजर अधू झालीय, पण मोठ्या भिंगातून आकडे वाचता येतात. मिलमध्ये थानांचे आकडे ओरडून सांगायचे तशाच आवाजात ते एकेक ओळ वाचतात आणि मी ताडून बघते. आत्तापर्यंत सात चुका सापडल्यात. आठवीबद्दल आमचं अजून एकमत नाही. बाबांच्या मते तिथे शून्य जास्त आहे, माझ्या मते बरोबर आहे. उद्या लॅबमध्ये जाऊन मोजून बघणार आहे.